संगणक नीती आणि ऑनलाइन सुरक्षा (विद्यार्थ्यांसाठी)

संगणक, मोबाइल आणि इंटरनेट वापरताना दुसऱ्याची माहिती, श्रम आणि खासगीपणा यांच्याशी कसे वागावे, याचा विचार म्हणजे संगणक नीती. आपली माहिती, पैसा आणि ओळख दुसऱ्याच्या हाती पडू नये म्हणून घ्यायची खबरदारी ती ऑनलाइन सुरक्षा. अभ्यासक्रमात ही दोन वेगळी प्रकरणे असतात. व्यवहारात ती एकत्रच येतात. विद्यार्थ्यांचे बहुतेक नुकसान अट्टल हॅकरमुळे होत नाही. ते सामायिक संगणकावर उघडे राहिलेल्या खात्यातून, उसन्या दिलेल्या पासवर्डातून आणि ओळखीच्या माणसावर टाकलेल्या भरवशातून होते.

अमेरिकन गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांनी १९४०-५० च्या दशकांत या विषयाचा पाया घातला. ‘कॉम्प्युटर एथिक्स’ (संगणक नीतिशास्त्र) हे इंग्रजी नाव तत्त्वज्ञ वॉल्टर मेनर यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यास रूढ केले. तत्त्वज्ञ जेम्स मूर यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले की, संगणक माणसाला नव्या क्षमता देतो, पण त्या कशा वापराव्यात याचे नियम आधी तयार नसतात. शाळांच्या भिंतींवर दिसणारे दहा नियम अमेरिकेतील कॉम्प्युटर एथिक्स इन्स्टिट्यूटने १९९२ मध्ये मांडले. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम १७ ऑक्टोबर २००० पासून लागू आहे.

पुण्यात संगणकाची परंपरा जुनी आहे. सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेची स्थापना १९८८ मध्ये इथे झाली आणि परम ८००० हा महासंगणक १९९१ मध्ये तयार झाला. पण बाहेरगावहून आलेल्या विद्यार्थ्याचा रोजचा संबंध येतो तो झेरॉक्सच्या दुकानाशी. सदाशिव, नारायण पेठेत कॉट बेसिसवर (सामायिक खोलीत एक खाट भाड्याने घेऊन) राहणाऱ्या, दिवसभर अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलाकडे प्रिंटर नसतो. आधार, गुणपत्रिका, जातीचा दाखला, फोटो आणि सही तो दुकानाच्या व्हॉट्सॲप नंबरवर पाठवतो किंवा दुकानातल्या संगणकावर आपला मेल उघडतो. प्रिंट मिळते, पण फाइल तिथल्या ‘डाउनलोड्स’मध्ये राहते आणि घाई असली तर मेलही उघडाच राहतो.

यात आधारची फाइल सर्वांत नाजूक. डाउनलोड केलेल्या ई-आधारचा पासवर्ड ठरलेला असतो: नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि जन्मवर्ष. दोन्ही गोष्टी शेजारच्या गुणपत्रिकेवर किंवा दाखल्यावर छापलेल्या असतात, त्यामुळे हे कुलूप नावापुरतेच. म्हणून मास्क्ड आधार द्यावे. त्यात क्रमांकाचे शेवटचे चार आकडेच दिसतात. काम झाल्यावर फाइल समोर पुसून घ्यावी आणि रिसायकल बिनही रिकामी करवावी. मेल उघडायचाच असेल तर ब्राउझरच्या इनकॉग्निटो (बंद केल्यावर लॉगिन न ठेवणाऱ्या) खिडकीत उघडावा आणि निघताना खिडकी बंद करावी. दुकानदाराला हे सांगण्यात संकोच नको. शहाणा दुकानदार स्वतःच रोज रात्री फोल्डर साफ करतो. व्हॉट्सॲप वेब उघडले असेल तर मोबाइलमधील ‘लिंक्ड डिव्हायसेस’ मध्ये जाऊन तो संगणक काढून टाकावा. नुसता टॅब बंद केल्याने जोडणी तुटत नाही.

सायबर कॅफेसाठी २०११ चे वेगळे नियम आहेत. प्रत्येक वापरकर्त्याचे ओळखपत्र पाहावे, नोंदी किमान एक वर्ष जपाव्यात आणि कप्प्यांच्या भिंती जमिनीपासून साडेचार फुटांहून उंच नसाव्यात. छायाचित्र असलेले ओळखपत्र नसेल तर अल्पवयीनाला मोठ्या माणसाशिवाय बसू देऊ नये. कॅफेवाला ओळखपत्र मागतो ते या नियमामुळे. पण घेतलेली त्याची प्रत नीट ठेवणे हीही त्याचीच जबाबदारी.

अकरावीच्या आणि सीईटीनंतरच्या ऑनलाइन प्रवेशांत आणखी एक गोष्ट वारंवार चुकते. फॉर्म भरून देणारा स्वतःचाच मोबाइल नंबर आणि मेल नोंदवतो, पासवर्डही तोच ठेवतो. पसंतिक्रम बदलायची मुदत संपत आलेली असते, दुकान बंद असते आणि ओटीपी त्याच्या फोनवर जातो. फॉर्म कुणीही भरो. नंबर व मेल विद्यार्थ्याचा किंवा पालकांचा असावा, पासवर्ड घरी जाऊन बदलावा आणि कन्फर्म केलेल्या अर्जाची पीडीएफ जपून ठेवावी.

पासवर्डाबाबत जुनी सवय अशी की, नावापुढे ॲट आणि १२३ लावायचे. अवघड चिन्हांपेक्षा लांबी जास्त उपयोगी पडते. भाकरी, सतरंजी, पाणपोई, ढग असे चार असंबद्ध शब्द रोमन लिपीत सलग लिहिले तर लक्षातही राहतात आणि अंदाजही लागत नाही. मेलचा पासवर्ड मात्र अन्यत्र कुठेही वापरू नये, कारण बाकी सगळ्या खात्यांचे ‘पासवर्ड विसरलात?’ त्याच मेलवर येते. व्हॉट्सॲपमध्ये सहा अंकी टू-स्टेप पिन लावून ठेवावा. वर्गमैत्रिणीच्या नंबरवरून ‘चुकून माझा कोड तुझ्याकडे आलाय, पाठव ना’ असा मेसेज आला, तर तिचे खाते आधीच गेलेले असते आणि तो कोड आपल्या खात्याचा असतो. कोड दिला गेलाच तर आपला नंबर लगेच पुन्हा नोंदवावा. त्याने चोर बाहेर पडतो. मात्र मधल्या वेळात त्याने पिन लावला असेल तर खाते उघडायला सात दिवस थांबावे लागते.

‘गंमत म्हणून’ मित्राच्या खात्यात शिरणे हा वसतिगृहातला जुना खेळ. परवानगीविना दुसऱ्याच्या संगणकात प्रवेश केल्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४३ नुसार नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. हेतू अप्रामाणिक असेल तर कलम ६६ लागते: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे कलम ६६ सी मध्ये येते. उलट, केवळ त्रासदायक मेसेजसाठी अटक करता येणारे कलम ६६ ए सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले. ‘६६ ए लावतो’ ही धमकी अजून ऐकू येते. ती पोकळ आहे.

पैशांच्या फसवणुकीत विद्यार्थी दोन्ही बाजूंना सापडतात. फसणारे नेहमीचे: खोली शोधताना फोटो पाहून टोकन पाठवणारे, ‘व्हिडिओला लाइक करा, पैसे मिळवा’ या टास्कमध्ये आधी दीडशे रुपये मिळाले म्हणून पुढे पंधरा हजार भरणारे. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. ‘पैसे मिळतील’ म्हणून कुणी पिन टाकायला लावला, तर पैसे जातात. दुसरी बाजू कमी बोलली जाते. महिन्याला काही हजारांसाठी खाते, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याला ‘वापरायला’ देणे म्हणजे म्यूल खाते होणे. फसवणुकीचा पैसा त्यातून फिरतो, खाते गोठते आणि तपासात पहिले नाव खातेदाराचे निघते. सूत्रधाराला त्या विद्यार्थ्याने बहुधा पाहिलेलेही नसते.

अभियांत्रिकीच्या आणि डिझाइनच्या मुलांत क्रॅक केलेले (परवान्याचे कुलूप तोडलेले) सॉफ्टवेअर हातोहात फिरते. स्वामित्वहक्क अधिनियम १९५७ च्या कलम ६३ बी नुसार ते जाणूनबुजून वापरणे गुन्हा आहे, पण त्याहून जवळचा धोका फाइलमध्येच असतो. ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना असलेल्या अनेक क्रॅकमध्ये ब्राउझरमधील कुकीज चोरणारा प्रोग्राम असतो. कुकी म्हणजे आपण लॉगिन केले असल्याची पावती. ती हाती लागली की चोराला पासवर्ड लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही. अशा वेळी नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून ‘सर्व ठिकाणांहून साइन आउट’ करावे आणि मगच पासवर्ड बदलावा. बहुतेक सॉफ्टवेअरची विद्यार्थी आवृत्ती किंवा मुक्त पर्याय मिळतो, हे वर्गात क्वचितच सांगितले जाते.

सबमिशनच्या आठवड्यात एकच रायटअप साऱ्या बॅचमध्ये फिरते, कधी मूळ मुलाचा रोल नंबर न बदलता. प्रबंधांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत साम्याचे टप्पे दिले आहेत: १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, त्यापुढे ४० पर्यंत सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध, ४० ते ६० असल्यास वर्षभर सादरीकरणास मनाई, त्याहून जास्त असल्यास नोंदणी रद्द. टक्केवारी म्हणजे चोरीचे माप नव्हे, हे लक्षात ठेवावे. भाषांतर करून उचललेली कल्पना यंत्राला सापडेलच असे नाही, पण ती वाङ्मयचौर्यच असते. एआयची मदत घेतली तर कुठे आणि किती, ते लिहावे. त्याने दिलेला प्रत्येक संदर्भ उघडून पाहावा, कारण नसलेले संदर्भ तो सहज रचतो.

खासगी फोटोची धमकी आली तर पैसे देऊ नयेत. एकदा दिले की मागणी वाढते. १८ वर्षांखालील मुलांसाठी ‘टेक इट डाउन’ आणि प्रौढांसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’ या मोफत सेवा आहेत. फोटो त्यांच्याकडे जात नाही. आपल्याच फोनवर त्याचा सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो फोटो शोधून काढतात. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे.

पैसे गेल्यास १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. मिनिटे मोलाची असतात, कारण रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी रोखता येते. बँकेचे नाव, रक्कम, वेळ आणि यूपीआय व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर क्रमांक (व्यवहाराची ओळख) समोर ठेवावा. त्यानंतर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार पूर्ण करावी. चॅट चिडून डिलीट करू नये. स्क्रीनशॉटमध्ये तारीख आणि वेळ दिसावी, आणि प्रोफाइलचे नुसते नाव न घेता पूर्ण लिंक उतरवावी. नाव पाच मिनिटांत बदलता येते. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण यांची पोलीस यंत्रणा वेगवेगळी आहे. हद्दीचे कारण सांगून परत पाठवले, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते, हे सांगावे. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दिल्यास तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.