योनिमार्ग संसर्ग : देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमधील परिसरजन्य कारणे

देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना योनिमार्गाचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो. त्यामागे जंतू असतातच, पण राहण्याची व धंद्याची जागा, पाण्याची वेळ, मासिक पाळीतले काम, औषधांच्या दुकानात सहज मिळणाऱ्या गोळ्या आणि कायद्याचा धाक यांचाही त्यात मोठा हात असतो. या सगळ्याला मिळून परिसरजन्य जोखीम घटक म्हणतात. महाराष्ट्रात हा प्रश्न मुख्यतः मुंबईतील कामाठीपुरा, पुण्यातील बुधवार पेठ, सांगलीतील गोकुळनगर, नागपूरमधील गंगा-जमुना आणि भिवंडीतील हनुमान टेकडी अशा वस्त्यांत, तसेच लॉजवर किंवा मोबाइलवरून धंदा करणाऱ्या स्त्रियांमध्ये दिसतो. ‘अंगावरून पांढरे जाते’ ही त्यांची नेहमीची तक्रार. तिला ‘स्वच्छता राखा’ हे ठरावीक उत्तर मिळते. ते अपुरे आहे आणि पुष्कळदा अपायकारकही, कारण या स्त्रिया स्वच्छतेत कमी पडत नाहीत. उलट गरजेपेक्षा जास्त धुतात.

निरोगी स्थिती : प्रजननक्षम वयात योनीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) साधारण ३.८ ते ४.५ असतो. योनीच्या अस्तरातील ग्लायकोजेनपासून लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि या आम्लामुळे इतर जंतूंना तेथे बस्तान बसवता येत नाही. वीर्याचा सामू ७.२ च्या वर आणि रक्ताचा सुमारे ७.४ असतो. म्हणजे निरोधाशिवाय झालेला प्रत्येक संबंध आणि पाळीचा प्रत्येक दिवस ही आम्लता काही काळ उतरवतो. दोन संबंधांमध्ये पुरेसा वेळ मिळाला तर ती आपोआप पूर्ववत होते. एका रात्रीत अनेक गिऱ्हाइके असतील तर तो वेळच मिळत नाही.

मुख्य आजार : तीन आजार वारंवार आढळतात. पहिला जिवाणुजन्य योनिदोष. त्यात लॅक्टोबॅसिलस घटतात आणि गार्डनेरेला, प्रिव्होटेला यांसारखे जिवाणू वाढतात. स्राव पातळ, करडा आणि माशासारख्या वासाचा असतो. दुसरा कॅन्डिडा बुरशीचा. त्यात दह्याच्या चोथ्यासारखा स्राव आणि असह्य खाज असते, सामू मात्र बहुधा बिघडत नाही. तिसरा ट्रायकोमोनास या एकपेशीय परजीवीचा. हिरवट-पिवळा, कधी फेसाळ स्राव होतो. तिन्हींत मुख्यतः लैंगिक संबंधातूनच पसरणारा हा तिसरा; पहिलाही जोडीदाराकडून परत येऊ शकतो. ‘घाणेरड्या संडासातून लागण झाली’ हा समज सार्वत्रिक आहे, पण यांपैकी कोणताही आजार सहसा संडासातून होत नाही. सामायिक संडासाचा त्रास वेगळा असतो. रांग, अंधार आणि भीती यांमुळे स्त्रिया लघवी तुंबवून ठेवतात, त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो आणि लघवीच्या जळजळीची ही तक्रार योनिमार्गाच्या तक्रारीत मिसळून जाते.

पाणी, मोरी आणि धुणे : जुन्या इमारतींतील खोल्यांत बहुधा फळीचे किंवा पडद्याचे आडोसे करून खाटा मांडलेल्या असतात. नळाला ठरावीक वेळीच पाणी येते. ते पिंपात आणि बादल्यांत भरून ठेवतात. कोपऱ्यातली मोरी अनेकींत एक. गिऱ्हाईक गेले की बाई मोरीवर बसते, एका हाताने मगातून पाणी ओतते आणि दुसऱ्या हाताची बोटे आत घालून साबणाने धुते. वीर्य, वंगण, वास आणि मागच्या माणसाची खूण, सारे निघून गेले पाहिजे अशी तिची धारणा असते. पुढच्या गिऱ्हाइकाची आणि घरवालीचीही (कुंटणखाना चालवणाऱ्या बाईचीही) तीच अपेक्षा असते. साध्या वडीच्या साबणाचा सामू ९ ते १० असतो. त्याने आम्ल मारले जाते, लॅक्टोबॅसिलस धुऊन जातात आणि अस्तर कोरडे पडते. पाण्यात जंतुनाशक द्रव घातल्यास नुकसान आणखी वाढते, कारण तो चांगल्या-वाईट जिवाणूंत फरक करत नाही. योनी ‘घट्ट’ व्हावी म्हणून तुरटी लावण्याची पद्धतही आहे. तुरटीने अस्तर आकसते आणि कोरडे पडते. पुढच्या संबंधात त्याला बारीक चिरा जातात.

यातून एक चक्र सुरू होते. धुतल्यामुळे जिवाणुजन्य योनिदोष होतो, त्याचा वास येतो, वास येतो म्हणून बाई आणखी धुते. केनियातील मोंबासा येथे देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या दीर्घ पाठपुराव्यात योनी आतून धुणाऱ्यांना एचआयव्हीची लागण अधिक झाल्याचे दिसले. साबण वापरणाऱ्यांत हे प्रमाण सर्वांत जास्त होते. जिवाणुजन्य योनिदोष असलेल्या स्त्रीला एचआयव्ही होण्याची शक्यता सुमारे दीडपटीहून अधिक असते.

योग्य पद्धत सोपी आहे, पण ती गळी उतरवणे सोपे नाही. बाहेरचा भाग साध्या पाण्याने, पुढून मागे असा धुवावा, बोटे आत घालू नयेत, नंतर कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. योनी स्वतःच्या स्रावाने आतून स्वच्छ होत राहते. निरोध वापरला तर वीर्य आत जातच नाही, आणि आतून धुण्याचे मुख्य कारणच उरत नाही. वस्तीतल्या पिअर कार्यकर्त्या, म्हणजे धंद्यातल्याच बायका, हा मुद्दा डॉक्टरांपेक्षा प्रभावीपणे पटवतात. ‘धुऊ नका’ एवढेच सांगितले तर कोणी ऐकत नाही. ‘बाहेरून धुवा, आत निरोध सांभाळेल’ असे सांगितले तर ऐकतात.

पाळी : खोलीचे भाडे, घरवालीचा अर्धा वाटा म्हणजे अधिया आणि कर्जावरचे व्याज पाळीचे चार-पाच दिवस थांबत नाही. त्यामुळे अनेकजणी कापसाचा बोळा किंवा स्पंजचा तुकडा आत घालून काम करतात. संबंधात तो खोल ढकलला जातो, कधी त्याचा तुकडा तुटून आत राहतो. एक-दोन दिवसांत कुजका वास आणि तपकिरी स्राव सुरू झाला तर आधी अडकलेला बोळा शोधावा. डॉक्टर योनिदर्शक लावून तो चिमट्याने काढतात. तो काढल्याशिवाय कोणत्याही गोळीने वास जात नाही. सोबत ताप, चक्कर किंवा अंगावर लाल पुरळ असेल तर तातडीने रुग्णालयात न्यावे. मासिक पाळीचा कप संबंधापूर्वी काढावा लागतो. मऊ डिस्क (पाळीचे रक्त धरणारी चकती) मात्र आत ठेवून संबंध करता येतो.

फडकी वापरणाऱ्यांना आणखी एक अडचण असते. ती उन्हात वाळवायला जागा नाही आणि लोकांच्या नजरेसमोर टांगायची लाजही वाटते, म्हणून फडकी खाटेखाली किंवा मोरीतल्या दोरीवर ओलसरच राहतात. ओडिशातील एका रुग्णालयीन अभ्यासात (यात देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया नव्हत्या) पुन्हा वापरायच्या फडक्यांचा कॅन्डिडाशी संबंध आढळला. फडकी घरात वाळवणाऱ्यांत व संडासात ठेवणाऱ्यांत तो अधिक होता. मुंबईच्या पावसाळ्यात आतले कपडेही नीट वाळत नाहीत. नायलॉनच्या चड्डीऐवजी सुती वापरावी हा सल्ला तिथे खरोखर उपयोगी पडतो.

वंगण आणि निरोध : कोरडेपणावर खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली लावली की लॅटेक्सचा निरोध काही मिनिटांत कमकुवत होतो आणि फाटतो. क्लिंडामायसिन क्रीम आणि काही बुरशीनाशक मलमेही तेलकट असतात. म्हणजे संसर्गावरचे औषधच निरोध फाडू शकते. अशा वेळी पोटातून घ्यायची गोळी अधिक सोयीची. पाण्याचे जेल निवडतानाही सावध राहावे. ग्लिसरीन जास्त असलेले दाट जेल अस्तरातले पाणी ओढून घेते. जागतिक आरोग्य संघटनेने वंगणाची परासारी तीव्रता (त्यात विरघळलेल्या कणांचे प्रमाण) किलोमागे १२०० मिलिऑस्मोलपेक्षा जास्त नसावी असे सुचवले आहे. नॉनऑक्सिनॉल-९ हे शुक्राणुनाशक असलेला निरोध किंवा जेल तर या स्त्रियांनी टाळावाच. आफ्रिकेतील तीन देश व थायलंड येथील देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांवरील चाचणीत ते जेल वारंवार वापरणाऱ्यांना एचआयव्हीची लागण उलट जास्त झाली.

औषधांचे दुकान : चिठ्ठीशिवाय मिळणारे प्रतिजैविक हाही परिसराचाच भाग आहे. ताप, खोकला किंवा ‘गरमी’वर (गुप्तरोगावर) घेतलेल्या कॅप्सूलने लॅक्टोबॅसिलस मरतात आणि आठवड्याभरात कॅन्डिडा उसळू शकतो. वर्षातून तीन किंवा अधिक वेळा कॅन्डिडा झाला तर रक्तातील साखर आणि एचआयव्ही दोन्ही तपासावे. मेट्रोनिडॅझोल या जिवाणुजन्य योनिदोषावरच्या गोळीबरोबर दारू चालत नाही हे सर्वांना पाठ आहे, पण गिऱ्हाइकासोबत दारू घेणे धंद्यातून टाळता येत नाही, म्हणून कोर्सच अर्धवट सुटतो. अलीकडच्या पुराव्यानुसार ही भीती अतिरंजित आहे. गोळी बंद करण्याऐवजी डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे.

कायदा आणि दवाखाना : अनैतिक व्यापार (प्रतिबंधक) कायदा, १९५६ नुसार कुंटणखाना चालवणे गुन्हा आहे. त्यामुळे खोलीचा कागदोपत्री करार सहसा नसतो. मोरी फुटली, नळ बंद पडला तरी तक्रार कोणाकडे करायची हा प्रश्न राहतो. धाडीत निरोध पुरावा म्हणून धरला जाईल या भीतीने ते लपवले किंवा फेकले जातात. १९ मे २०२२ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने निरोधासारख्या आरोग्यरक्षक साधनांना गुन्ह्याचा पुरावा मानू नये असे बजावले. वस्तीपासून दूर लॉजवर गेलेल्या बाईपर्यंत पिअर पोहोचत नाही आणि नियमित तपासणीही सुटते.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या लक्ष्यगट प्रकल्पांत (जोखमीच्या गटांसाठीच्या प्रकल्पांत) दर तीन महिन्यांनी तपासणी आणि वर्षातून दोनदा सिफिलिसची चाचणी अपेक्षित असते. शासकीय रुग्णालयांतील सुरक्षा क्लिनिकमध्ये (लैंगिक संसर्गाच्या दवाखान्यात) लक्षणांवरून औषधांचे रंगीत संच दिले जातात. योनिस्रावासाठीच्या हिरव्या संचात सेक्निडॅझोल २ ग्रॅम व फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम असते. ही पद्धत वेगवान आहे, पण ढोबळ. दोन औषधे एकदम दिली जातात, त्यांपैकी एखादे अनावश्यकही असते. गर्भाशयमुखाचा गनोरिया किंवा क्लॅमिडिया मात्र बहुतेक वेळा लक्षणांविना राहतो आणि निसटतो.

सूक्ष्मदर्शक असेल तर जास्त नेमके निदान होते. स्रावाचा थेंब मिठाच्या द्रावणात मिसळून काचपट्टी लगेच पाहावी; पट्टी वीसेक मिनिटे पडून राहिली तर ट्रायकोमोनासची हालचाल थांबते आणि अहवाल खोटाच नकारात्मक येतो. दुसऱ्या थेंबावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकून माशाचा वास पाहतात. पातळ एकसारखा स्राव, ४.५ पेक्षा जास्त सामू, हा वास आणि जिवाणूंनी माखलेल्या पेशी, या चारपैकी तीन खुणा मिळाल्या तर जिवाणुजन्य योनिदोष समजतात. सामूपट्टीला रक्त, वीर्य किंवा गर्भाशयमुखाचा स्राव लागला तर आकडा फसवतो. रात्रपाळीनंतर लगेच आलेल्या बाईबाबत हे विशेष लक्षात ठेवावे.

पुनरागमन आणि जोडीदार : मेट्रोनिडॅझोल ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस, हा जिवाणुजन्य योनिदोषाचा रूढ उपचार. तरीही वर्षभरात निम्म्याहून अधिक स्त्रियांना तो पुन्हा होतो. गिऱ्हाइकासोबत निरोध वापरणारी बाई ‘मालका’सोबत, म्हणजे कायमच्या जोडीदारासोबत, पुष्कळदा वापरत नाही, आणि संसर्ग त्याच वाटेने परत येतो. ऑस्ट्रेलियातील २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पुरुष जोडीदारालाही मेट्रोनिडॅझोल आणि शिश्नावर लावायची क्लिंडामायसिन क्रीम दिल्यावर १२ आठवड्यांतील पुनरागमन ६३ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आले. ती जोडपी एकनिष्ठ होती. देहविक्रय करणाऱ्या स्त्रीबाबत मालकाला औषध द्यायचे असेल, तर त्या सात दिवसांत संबंध टाळावा आणि पुढेही त्याच्याशी निरोध वापरणे चालू ठेवावे.