पेट्रोडॉलर

पेट्रोडॉलर : खनिज तेलाच्या निर्यातीतून तेलउत्पादक राष्ट्रांकडे जमा होणारे डॉलर; व्यापक अर्थाने, तेलाचा भाव डॉलरमध्ये ठरविण्याची आणि निर्यातीतून उरणारी शिल्लक अमेरिकी सरकारी रोख्यांत गुंतविण्याची व्यवस्था.

या व्यवस्थेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. प्रचलित मत असे, की १५ ऑगस्ट १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी औंसाला ३५ डॉलर या दराने सोने देणे थांबविल्यावर अमेरिकेने १९७४ मध्ये सौदी अरेबियाशी करार केला आणि संरक्षणाच्या बदल्यात तेल केवळ डॉलरमध्ये विकण्याचे वचन घेतले. असा लेखी करार मात्र प्रकाशात आलेला नाही. ८ जून १९७४ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर व सौदी राजपुत्र फहद यांनी सह्या केलेल्या दस्तऐवजाने आर्थिक व लष्करी सहकार्यासाठी संयुक्त आयोग नेमले. तेलाच्या चलनाची अट त्यात नाही. त्यानंतर अमेरिकेचे अर्थमंत्री विल्यम सायमन जेद्दाला गेले आणि सौदी अरेबियाने नेहमीच्या लिलावाबाहेर अमेरिकी रोखे घ्यावेत, अशी गुप्त व्यवस्था ठरली. सौदी गुंतवणुकीचा स्वतंत्र आकडा, सुमारे ११७ अब्ज डॉलर, अमेरिकेने मे २०१६ मध्ये प्रथमच जाहीर केला. शिवाय तेलाचे जाहीर भाव १९७१ च्या पुष्कळ आधीपासून डॉलरमध्ये होते, तर सौदी अरेबिया १९७४ अखेरपर्यंत काही मोबदला पौंडांतही घेत असे. त्यामुळे १९७४ चा समझोता तेलाच्या भावाविषयी नसून शिल्लक कोठे ठेवायची याविषयी होता, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘पन्नास वर्षांचा करार संपला’ ही जून २०२४ मधील वार्ता निराधार होती.

डॉलरविषयीची नाराजी या व्यवस्थेइतकीच जुनी आहे. डॉलरच्या अवमूल्यनाची भरपाई म्हणून ओपेक या तेलनिर्यातदार राष्ट्रांच्या संघटनेने १९७२ व १९७३ मध्ये जिनीव्हा येथे भाववाढ मिळविली. जून १९७५ मध्ये लिब्रव्हिल येथे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या विशेष उचल हक्कांत (अनेक चलनांवर आधारलेल्या हिशोबी एककात) भाव मोजण्याचे ठरले. पण त्याच वर्षी डॉलर सावरला आणि ठराव अमलात आला नाही. इराकने नोव्हेंबर २००० पासून संयुक्त राष्ट्रांच्या ‘अन्नासाठी तेल’ योजनेखालील विक्री युरोत केली. २००३ च्या आक्रमणानंतर ती पुन्हा डॉलरमध्ये आली. हेच आक्रमणाचे कारण होते, असे मानणारा एक पक्ष आहे, परंतु त्याला पुरेसा कागदोपत्री आधार नाही.

नोव्हेंबर २००७ मधील ओपेकच्या रियाध परिषदेत या प्रश्नाचे खरे स्वरूप उघड झाले. बंद दाराआडची चर्चा चुकून पत्रकारांच्या कक्षात प्रक्षेपित झाली. घसरत्या डॉलरचा उल्लेख जाहीरनाम्यात करावा, असा आग्रह इराण व व्हेनेझुएलाने धरला होता. नुसत्या उल्लेखानेही डॉलर कोसळेल, असे सांगून सौदी परराष्ट्रमंत्री सौद अल-फैसल यांनी तो अडविला. ज्यांची गंगाजळी डॉलरमध्ये आहे, त्यांना डॉलरची घसरण सर्वांत महाग पडते. सौदी रियालचा दरही १९८६ पासून डॉलरला ३.७५ असा बांधलेला आहे.

पर्यायी चलनातील विक्री त्यामुळे मुख्यतः निर्बंधांखालील राष्ट्रांनी केली आणि तेथेही खरी अडचण शिलकीची राहिली. २०१२ पासून भारताने इराणी तेलाच्या मोबदल्यातील ४५ टक्के रक्कम कोलकात्याच्या यूको बँकेत रुपयांत भरली; ते रुपये प्रामुख्याने भारतीय माल घेण्यासाठीच उपयोगी होते. मे २०२३ मध्ये गोव्यातील शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीच्या वेळी रशियाचे परराष्ट्रमंत्री सर्गेई लावरोव्ह यांनी भारतीय बँकांत साचलेल्या अब्जावधी रुपयांबाबत हीच तक्रार केली. मार्च २०१८ मध्ये शांघाय येथे युआनमधील तेलाचे वायदे सुरू झाले. परंतु चीनच्या भांडवली निर्बंधांमुळे युआन साठविण्यालाही मर्यादा आहेत. व्हेनेझुएलाने सप्टेंबर २०१७ पासून तेलाचे भाव युआनमध्ये प्रसिद्ध केले आणि २०१८ मध्ये ‘पेट्रो’ हे आभासी चलन काढले. ते जानेवारी २०२४ मध्ये बंद झाले.