जैवसक्रिय काच

शरीरातील द्रवाच्या संपर्कात आल्यावर जिच्या पृष्ठभागावर हाडातील खनिजासारखा थर तयार होतो आणि त्या थरामार्फत जी जिवंत हाडाशी रासायनिक बंधाने जोडली जाते, अशा काचेला जैवसक्रिय काच म्हणतात. खिडकीची काच वर्षानुवर्षे पावसात राहूनही जशीच्या तशी राहते, यात तिचे मोल आहे. या काचेचे मोल ती पाण्यात झिजते यात आहे.

फ्लॉरिडा विद्यापीठातील लॅरी हेंच यांना १९६७ मध्ये बसच्या प्रवासात व्हिएतनामहून परतलेला एक लष्करी अधिकारी भेटला आणि शरीर नाकारणार नाही असा पदार्थ करता येईल का, असे त्याने विचारले. त्यातून १९६९ मध्ये तयार झालेली काच उंदरांच्या मांडीच्या हाडात बसवली असता सहा आठवड्यांनी ती हाडापासून सुटेना. ‘४५एस५’ नावाच्या या काचेत वजनाने ४५ टक्के सिलिका, सोडियम ऑक्साइड व कॅल्शियम ऑक्साइड प्रत्येकी २४.५ टक्के आणि फॉस्फरस पेंटॉक्साइड ६ टक्के असते. नावातला शेवटचा पाच हा आकडा कॅल्शियम व फॉस्फरस यांच्या अणूंच्या गुणोत्तराचा आहे. खिडकीच्या काचेत सिलिका ७० टक्क्यांच्या आसपास असते, आणि वितळवून केलेल्या काचेत ती ६० टक्क्यांच्या वर गेली की हाडाशी बंध जुळत नाही.

याचे कारण काचेच्या जाळीत, म्हणजे तिच्यातील अणूंच्या एकमेकांशी असलेल्या जोडणीत आहे. सिलिका कमी असली की जाळी विस्कळीत राहते. द्रवात पडताच सोडियमचे आयन बाहेर पडतात, त्यांची जागा हायड्रोजनचे आयन घेतात आणि भोवतालचा द्रव अल्कधर्मी होतो. मग सिलिकेचे बंध तुटून पृष्ठभागावर पाणी धरून ठेवणारा जेलसारखा थर उरतो. त्यावर कॅल्शियम व फॉस्फेट साचतात, आणि आधी आकारहीन असलेला हा साठा कार्बोनेटयुक्त हायड्रॉक्सीॲपेटाइटच्या स्फटिकांत बदलतो. हाडातील खनिजही याच जातीचे असल्याने कोलॅजेन या हाडातल्या प्रथिनाचे तंतू त्यात गुंततात आणि पुढचे काम हाडाच्या पेशी करतात. विरघळलेले सिलिका व कॅल्शियम त्या पेशींना चालनाही देतात.

नाशिककरांना या रसायनाचे एक दूरचे भावंड घराजवळच सापडते. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात मांडलेले स्टिल्बाइट आणि ॲपोफिलाइट हे बेसाल्टच्या पोकळ्यांत तयार झालेले स्फटिक आहेत: खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने सिलिका व कॅल्शियम विरघळवून घेतले आणि पोकळीत नव्या रूपात ठेवले. खनिजे वेगळी आणि काळाचे मान तर फारच वेगळे (काचेवरचा थर काही तासांतच धरू लागतो), पण विरघळून पुन्हा साचण्याची रीत तीच.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर ही काच बहुधा जाड मिठासारख्या पांढऱ्या दाण्यांच्या रूपात येते. सर्जन वाटीत ते दाणे रुग्णाच्याच रक्तात किंवा सलाईनमध्ये भिजवतो, ते ओल्या वाळूसारखे एकमेकांना धरू लागतात, आणि मग तो लगदा हाडातील पोकळीत दाबून बसवतो. रुग्णाच्या कमरेचे हाड काढून भरण्याची पद्धत आजही सरस मानली जाते, परंतु त्यासाठी दुसरी जखम करावी लागते आणि हाडही मोजकेच मिळते. हिरडीच्या रोगाने झिजलेले जबड्याचे हाड भरण्यासाठी दंतवैद्यही हे दाणे वापरतात, तर थंड पाण्याने दातांत कळ येणाऱ्यांसाठीच्या काही टूथपेस्टमध्ये याच काचेची बारीक भुकटी असते. फिनलंडमध्ये विकसित झालेल्या ‘एस५३पी४’ या प्रकारात सिलिका ५३ टक्के असते. तिच्याभोवती वाढलेली अल्कता जंतूंना मानवत नाही, म्हणून हाडातला जुनाट पू साफ केल्यावर उरलेल्या पोकळीत ती भरतात.

सर्वांत मोठी उणीव ही: काच ठिसूळ असते. मांडीच्या मोडलेल्या हाडाचा भार ती पेलू शकत नाही, तिथे धातूची पट्टी वा सळई लागतेच. शिवाय ४५एस५ तापवून सच्छिद्र ठोकळा करू जावे तर ती स्फटिकरूप धरू लागते आणि तिची सक्रियता मंदावते. मोठे दाणे सावकाश विरतात. काही वर्षांनी काढलेल्या एक्स-रेतही ते दिसू शकतात, तेव्हा रुग्णाने जुने कागद जपून ठेवलेले बरे.