आरओची दुसरी नळी

जून उजाडला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत रोज एक चौकट येते: सात तलावांत किती टक्के पाणी उरलं. ती वाचत असतानाच स्वयंपाकघरातल्या आरओची, म्हणजे पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची, नको असलेलं पाणी सोडणारी पातळ नळी मोरीत गळत असते. तिचा हिशेब एकदा मांडून बघा. यंत्राची टाकी पूर्ण भरली की चार लिटर पाणी काढून घ्या, ती नळी बादलीत सोडा आणि यंत्र आपोआप बंद होईपर्यंत थांबा. बादलीत बारा लिटरच्या आसपास पाणी जमलं, तर तुमचं यंत्र चारचौघांसारखंच आहे. पिण्या-रांधण्याला दिवसाला 15 लिटर लागत असतील, तर 45 लिटर मोरीत जातात. शहरी पाणीपुरवठ्याचं माणशी मानक 135 लिटरचं. त्याचा हा तिसरा हिस्सा.

पण फेकावं का लागतं? मनुका पाण्यात टाकला की फुगतो, हे परासरण शाळेत शिकलेलं असतं. पाणी पातळ बाजूकडून दाट बाजूकडे पडद्यातून जातं. आरओत पंप दाब देऊन त्याला उलटं जायला लावतो. लिटरला 500 मिलिग्रॅम क्षार असलेल्या पाण्यासाठी पंपाला जेमतेम 0.4 वातावरण (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या 0.4 पट) दाबावर मात करायची असते, समुद्राच्या पाण्यासाठी 27च्या आसपास. घरगुती पंप चार-पाच वातावरण सहज देतो. म्हणजे अडचण जोराची नाही. खरी गोम पडद्याच्या पृष्ठभागावर आहे. पाणी आरपार जातं, क्षार अलीकडेच राहतात आणि पडद्याला लागून त्यांचा दाट थर साचतो. मूळ पाण्यात विरलेला कॅल्शियम कार्बोनेट तिथे इतका दाटतो की त्याचे खडे बनून पडद्याची छिद्रं बुजतात. गिझरच्या कॉइलवर पांढरं कवच चढतं, तोच प्रकार. तो थर धुऊन नेण्यासाठी पडद्याला समांतर पाणी सतत वाहतं ठेवावं लागतं. दुसऱ्या नळीतून येतं ते हे धुवण.

आता मुंबईचं गणित. भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी म्हणजे सह्याद्रीवरचा पाऊस. टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात विरलेल्या क्षारांचे मिलिग्रॅम, बहुधा शंभरच्या आत. 60 धरा. चारातले तीन भाग फेकले आणि सगळे क्षार त्यांतच गेले, तर फेकलेल्या पाण्याचा टीडीएस होतो 80. भारतीय मानकाची पिण्याच्या पाण्याची इष्ट मर्यादा 500 आहे! टीडीएस 500च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी घालावी, असं राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये सांगितलं होतं, ते उगाच नाही.

तरीही यंत्रं खपतात, कारण विक्रेता दोन धातूच्या कांड्या पाण्यात बुडवून वीज सोडतो आणि नळाचं पाणी तपकिरी होतं. ते लोखंड कांडीचं असतं, पाण्यातलं नव्हे. आरओच्या पाण्यात क्षार फारसे नाहीत म्हणून वीज जेमतेम वाहते, एवढंच. त्यात चिमूटभर मीठ टाका, तेही तपकिरी होईल. टीडीएसचं पेनही फक्त विद्युतवाहकता मोजतं. जंतू त्याला दिसत नाहीत, आणि लिटरला 0.01 मिलिग्रॅम शिसं त्याच्या आकड्यात उमटतच नाही.

पालिकेच्या पाण्यात बिघाड होतो तो बहुधा वाटेतल्या फुटक्या पाइपात किंवा सोसायटीच्या टाक्यांत, आणि तो जंतूंचा. त्याला यूव्ही-यूएफ (अतिनील किरण आणि बारीक गाळणी) किंवा खळखळून उकळणं पुरतं. बोअर किंवा टँकरवर चालणाऱ्या इमारतींत आरओ लागू शकतो. पण पेन आधी त्या पाण्यात बुडवा.

यंत्र आधीच घरात असेल तर फेकलेलं पाणी पिंपात धरा: लादी, कपड्यांचा पहिला घोळ, फ्लश. पिऊ नका, कार्बनच्या गाळणीने त्यातला क्लोरीन काढलेला असतो, साठवलं की जंतू वाढतात. 1200 टीडीएसच्या बोअरचं धुवण 1600वर जातं. ते तुळशीला घालू नका, पानांच्या कडा करपतील.

त्या नळीवर बोटाएवढा एक तुकडा असतो, फ्लो रिस्ट्रिक्टर. त्यावर 450 लिहिलं असेल तर मिनिटाला तेवढे मिलिलिटर तो सोडतो. मुंबईच्या मऊ पाण्याला 300चा बऱ्याचदा चालतो. खाऱ्या बोअरवर तोच बसवलात तर पडदा लवकर बुजेल. आणि टाकी भरून यंत्र थांबल्यावरही नळी गळत असेल, तर यंत्रात येणारं पाणी आपोआप बंद करणारा विजेवरचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये. तो बदलेपर्यंत यंत्रामागचा नळ रात्री हाताने बंद करा.