बाळाचा श्वास मोजता येतो

दिवाळी सरली की निफाडचा पारा बातम्यांत यायला लागतो आणि घरोघरी कानटोप्या बाहेर निघतात. सर्दी विषाणूंमुळे होते, थंडीमुळे नाही, हे आता शाळेतली मुलंही सांगतात. तरी ‘थंडी लागली की सर्दी होते’ हे आजीचं म्हणणं अगदीच फोल नाही. सर्दीच्या दोनशेहून अधिक विषाणूंमध्ये सगळ्यात मोठा गट ऱ्हायनोव्हायरसचा. शरीराच्या आतलं 37 अंश तापमान त्याला फारसं मानवत नाही. नाकातल्या 33-34 अंशांत मात्र तो झपाट्याने वाढतो. 2015 साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात उंदरांच्या श्वसनमार्गातल्या पेशी अशाच कमी तापमानात ठेवून पाहिल्या, तेव्हा विषाणूला अडवण्याची त्यांची पहिली फळीच ढिली पडलेली दिसली.

पण विषाणू आधी नाकापर्यंत पोचायला हवा, आणि तो येतो दुसऱ्या माणसाकडून. आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते आणि दुसरी, बहुधा लहान, जानेवारी ते मार्चच्या सुमारास. दोन्ही वेळा आपण दारं-खिडक्या लावून, एकाच खोलीत, एकमेकांची हवा घेत बसलेले असतो. त्यामुळे बाळाला दोन स्वेटर चढवून खोली मात्र गच्च बंद ठेवायची, यात फायद्यापेक्षा तोटाच जास्त. दुपारी ऊन असतं तेव्हा तरी खिडकी उघडावी. खोकणाऱ्या पाहुण्याने बाळाचा पापा घेऊ नये, हेही स्पष्ट सांगावं. पाहुणा रुसला तर रुसू दे.

बंद खोलीत धूर असेल तर गोष्ट आणखी बिघडते. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी, निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा, आणि त्या धुरीवर न्हाऊन आलेलं बाळ, हे चित्र अजूनही अनेक घरांत दिसतं. त्यामागची माया खरी आहे, पण तान्ह्या बाळाच्या श्वासनळ्या इतक्या अरुंद असतात की थोडी सूज आली तरी हवेची वाट अडते. शिवाय कोंदट खोलीतल्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना वास ना रंग. बाहेरही सुटका नसते: हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि जड होते, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि शेकोटीचा, कचऱ्याचा, गाड्यांचा धूर खालीच साचून राहतो. कापूर-ओव्याची पुरचुंडी बाळाच्या उशाशी नकोच. बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं, आणि कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात. खोकल्यावर मध वर्षाच्या पुढच्या मुलाला चालतो, त्याआधी चाटवूही नये.

ऊब हवीच, त्यातही नवजात बाळाला. त्याला आपल्यासारखं कुडकुडता येत नाही; मानेजवळच्या आणि पाठीवरच्या तपकिरी चरबीच्या साठ्यावर त्याची भिस्त असते. म्हणून टोपी घाला, पहिली अंघोळ किमान 24 तास पुढे ढकला आणि त्याला आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लागेल असं ठेवा. याहून चांगली शेगडी मिळायची नाही.

बहुतेक सर्दी-खोकले आपले आपण बरे होतात आणि त्यांना प्रतिजैविकं लागत नाहीत. भीती असते ती न्यूमोनियाची. तो ओळखायचा कसा, याचं एक उत्तर गडचिरोलीत तयार झालं. तिथल्या ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या आरोग्यदूतांना आणि दायांना बाळाचा श्वास मोजायला शिकवलं. ज्यांना आकडे येत नव्हते त्यांच्यासाठी एक साधन बनवलं: मिनिटभराची वाळूची घटिका आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोचलं तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचं. 1990 साली या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गावांत हे चाललं, तिथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी होते. स्टेथोस्कोप नाही, एक्स-रे नाही.

ही मोजणी घरीही जमते. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना पोटावरचा कपडा वर करावा आणि पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण एक मिनिट मोजावं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नये, कारण लहान मुलांचा श्वास अनियमित असतो. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, पुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त, हा वेगवान श्वास. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा आकडा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजून खात्री करावी. खोकल्यासोबत असा श्वास दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, बाळ दूध ओढत नसेल किंवा सुस्त पडलं असेल, तर मोजत बसू नये, सरळ दवाखान्यात न्यावं, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात.