गाडी नटांवर उभी नसते

टेक्सासला असलेल्या माझ्या भाच्याने फोर्ड एफ-१५० ही पिकअप घेतली आणि तिच्यासाठी शेव्हरोले सिल्व्हराडोवरून उतरवलेले चार रिम स्वस्तात पटकावले. दोन्ही गाड्यांना सहा-सहा स्टड (चाकाचे नट ज्यांवर चढतात ते बोल्ट), त्यामुळे गडी निर्धास्त होता. पण रिम काही बसेना. “मामा, भोकं सहाच्या सहा आहेत, मग अडतंय कुठे?”

अडतं ते ४.७ मिलिमीटरवर. स्टड ज्या वर्तुळावर बसवलेले असतात त्याच्या व्यासाला गॅरेजमध्ये पीसीडी म्हणतात. एफ-१५० चा पीसीडी २००४ पासून १३५ मिलिमीटर आहे, सिल्व्हराडो १५०० चा १३९.७. हा दुसरा आकडा विचित्र वाटतो खरा, पण तो सरळसरळ साडेपाच इंच आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपचे पाच स्टडही साडेपाच इंचांच्याच वर्तुळावर होते, आणि महिंद्राच्या जुन्या जीपमधून ते माप आपल्याकडेही आलं. आज भारतात मिळणाऱ्या टोयोटा हायलक्स आणि इसुझू व्ही-क्रॉसला सहा स्टड असतात, तेही १३९.७ वर. भाच्याची आणखी एक अडचण होती. फोर्डच्या हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचा, मधला उंचवटा ८७.१ मिलिमीटरचा आणि सिल्व्हराडोच्या रिमचं मधलं भोक ७८.१ चं. स्टड जुळले असते तरी रिम हबवर चढलाच नसता.

यावर तोडगा म्हणजे अ‍ॅडॉप्टर: अ‍ॅल्युमिनियमची एक जाड चकती. ती आधी गाडीच्या मूळ स्टडवर नटांनी आवळायची, मग चकतीवरच्या स्वतःच्या सहा स्टडवर नवा रिम चढवायचा. आतल्या नटांची डोकी चकतीच्या पृष्ठभागाच्या वर येता कामा नयेत, म्हणून तिची जाडी साधारण सव्वा ते दोन इंच ठेवावी लागते. आणि १३५ व १३९.७ ही वर्तुळं इतकी जवळ आहेत की भोकं आणि स्टड एकाच रेषेत घेणं शक्यच नाही. म्हणून नवे स्टड ३० अंश फिरवून, दोन भोकांच्या मधोमध बसवतात. भोकाच्या मध्यापासून शेजारच्या स्टडच्या मध्यापर्यंत जेमतेम ३५ मिलिमीटर उरतात.

चकतीचा फोटो बघून भाच्याने दुसरा प्रश्न टाकला: “गाडीचं सगळं वजन या नटांवर. मोडणार नाहीत ना?” हा समज इतका सार्वत्रिक आहे की अनुभवी फिटरही तेच सांगतात. पण चाकाचे स्टड वजन पेलत नाहीत. ते फक्त आवळतात. वजन पेलतं ते घर्षण.

कपाटातली आठ-दहा पुस्तकं आपण दोन्ही तळव्यांनी कडेने दाबून एकदम उचलतो. मधल्या पुस्तकांना खालून कसलाच आधार नसतो, तरी ती पडत नाहीत. चाकाचंही तसंच. रिमचा सपाट भाग आणि हबचा सपाट भाग एकमेकांवर इतक्या जोराने दाबले जातात की ते घसरूच शकत नाहीत.

किती जोराने? गणित करून बघू. २०१५ नंतरच्या एफ-१५० ला १४ मिलिमीटर जाडीचे स्टड आहेत आणि नट २०४ न्यूटन-मीटर टॉर्कने, म्हणजे पिळण्याच्या जोराने, आवळायचे असतात. टॉर्कला स्टडच्या व्यासाने आणि कोरड्या आट्यांसाठी धरतात त्या ०.२ या गुणांकाने भागलं की स्टडमधला ताण मिळतो: सुमारे ७३ किलोन्यूटन, म्हणजे ७.४ टन. एका स्टडमध्ये! सहा मिळून साधारण ४४ टन. घर्षणगुणांक ०.१५ धरला तरी चाकाला हबवरून घसरवायला साडेसहा टनांचा जोर लागेल. अडीच टनांच्या गाडीत एका चाकावर येतात सरासरी सहाशे-सव्वासहाशे किलो. म्हणजे दहापट राखीव.

आता गंमत बघा. एवढा ताण दिल्यावर स्टड लांबतो, आणि त्या लांबण्यातूनच ही दाब देणारी शक्ती येते. स्टड म्हणजे एक अत्यंत कडक स्प्रिंग. तीस मिलिमीटरचा भाग ताणला जात असेल तर तो लांबतो किती? सुमारे ०.०८५ मिलिमीटर. मिलिमीटरचा दहावा भागही नाही. त्या ४४ टनांचा सगळा डोलारा एवढ्याशा लांबीवर उभा आहे.

म्हणूनच हबवरचा गंज आणि रंग हा चाकाचा खरा शत्रू. पावडर कोटिंग या जाड रंगाचा थर ६० ते १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, म्हणजे स्टडच्या एकूण लांबण्याएवढाच. गाडी धावली, हब तापला, रंग दाबाखाली थोडा बसला. समजा तीस मायक्रॉन. नट तसूभरही फिरलेला नाही, तरी एक तृतीयांश ताण गेला. चाक काढून परत बसवल्यावर १६० किलोमीटरच्या आत नट पुन्हा टॉर्क रेंचने (टॉर्क मोजणाऱ्या पान्याने) आवळा, असं फोर्डच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं ते याचसाठी. बंपरखाली टांगलेली काळी बाहुली नजर काढत असेल किंवा नसेल, हबवर तारेचा ब्रश मात्र हमखास गुण देतो.

ताण कमी झाला की पुढे काय होतं हे १९६९ मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने दाखवलं. तोवर सर्वसाधारण समज असा की नट सैल होतो तो हादऱ्यांनी, म्हणजे स्टडच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या धक्क्यांनी. युंकरने जोड आडवा हलवून बघितला, आणि नट आपोआप सुटत गेले. कारण असं: आट्याचा उतार १४ मिलिमीटरच्या स्टडला, दोन आट्यांमध्ये दीड मिलिमीटर अंतर असताना, फक्त दोन अंशांच्या आसपास असतो. एरवी घर्षणामुळे नट त्या उतारावर घट्ट बसलेला असतो. पण घर्षण नेहमी सरकण्याच्या दिशेच्या विरुद्ध काम करतं. आटे एकदा आडवे सरकू लागले की सगळं घर्षण त्या आडव्या हालचालीला विरोध करण्यात खर्ची पडतं. उतारावरून घसरण्याच्या दिशेला ते जवळपास उरतच नाही. मग दोन अंशांचा उतारही पुरतो. ताण घटलेल्या चाकात प्रत्येक फेऱ्याला असंच आडवं सरकणं होतं. चाकाचा घेर अडीच मीटर धरला तर एका किलोमीटरमध्ये ४०० फेरे होतात, आणि प्रत्येक फेऱ्याला बोचकं उलगडावं तसा नट थोडाथोडा उलगडतो.

“मग पान्यावर उभा राहूनच आवळतो!” असं म्हणणारेही असतात. तेही नको. आपण लावलेल्या टॉर्कपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास आट्यांच्या आणि नटाखालच्या घर्षणातच जातो. स्टड ताणायला उरतो दहावा हिस्सा. आट्यांना तेल लावून तोच २०४ चा टॉर्क दिला तर ०.२ चा गुणांक ०.१४ वर येऊ शकतो आणि स्टडमधला ताण साडेदहा टनांपर्यंत चढतो. चांगल्या पोलादाचा स्टडही तिथे मर्यादेला टेकतो. त्यापुढे तो लांबला की आखडत नाही, आणि स्प्रिंग संपली.

आता अ‍ॅडॉप्टरवर येऊ. त्याच्या जाहिरातीत ‘एअरोस्पेस ग्रेड अ‍ॅल्युमिनियम’ असं ठळक छापलेलं असतं. ते बहुतेक वेळा ६०६१-टी६ असतं, ज्याच्या सायकलच्या फ्रेमही बनतात. धातू उत्तम आहे, पण बघायला हवं ते दोन्ही बाजू सपाट आहेत का, आतलं भोक ८७.१ आणि बाहेरचा उंचवटा ७८.१ नेमका आहे का, आणि स्टड कुठल्या प्रतीचे आहेत. चकतीच्या जाडीएवढं चाक बाहेर गेल्याने बेअरिंगवर पडणाऱ्या भाराची लोक उगाच जास्त धास्ती घेतात. ३८ मिलिमीटरची चकती आणि ६२५ किलोंचा भार म्हणजे सुमारे २३० न्यूटन-मीटर. जोरात वळताना टायर त्याच्या कितीतरी पट पीळ देतो. अर्थात हा भार सरळ रस्त्यावरही सतत राहतो, बेअरिंगचं आयुष्य कमी होतंच, आणि खड्ड्यात स्टिअरिंगला झटकेही जास्त बसतात. आपल्याकडे कायद्याचाही प्रश्न आहे: उत्पादकाच्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना म्हटलं आहे.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. अ‍ॅडॉप्टर लावला की एकाच्या जागी दोन जोड होतात, आणि दोन्हींना तोच ०.०८५ मिलिमीटरचा नियम लागू. बाहेरचे सहा नट दिसतात, ते कोणीही आवळेल. आतले सहा रिमच्या मागे झाकलेले. १६० किलोमीटरनंतर ते तपासायचे तर जॅक लावा, चाक उतरवा, आतले नट टॉर्क रेंचने आवळा, चाक चढवा. आणि चाक काढलंच आहे, तर आणखी १६० किलोमीटरच्या आत बाहेरच्या नटांना पुन्हा रेंच लावा. भाच्याला मी हे चार चाकांसाठी गुणून सांगितलं. त्याने रिम विकायला काढले आहेत.