क्रमचय-निर्मिती (स्टँडर्ड लायब्ररीतील)

दिलेल्या घटकांच्या सर्व क्रमवार रचना, म्हणजेच क्रमचय, एकामागून एक तयार करून देणारी फंक्शने काही प्रोग्रॅमिंग भाषांच्या स्टँडर्ड लायब्ररीत (भाषेसोबतच येणाऱ्या तयार फंक्शनांच्या संचात) आयती मिळतात. पायथॉनच्या ‘आयटरटूल्स’ मॉड्यूलमधील ‘परम्युटेशन्स’ (आवृत्ती २.६, इ. स. २००८) आणि सी प्लस प्लसमधील ‘नेक्स्ट परम्युटेशन’ ही त्यांतील विशेष प्रचलित होत. बेळगावच्या सीमाभागातील मराठी विद्यार्थी क्रमचयाला ‘परम्युटेशन’च म्हणतात, जुन्या गणितग्रंथांतील शब्द ‘अंकपाश’ असा आहे.

अंकपाशाचे प्रसिद्ध विवेचन भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) आढळते. शंभूच्या दहा हातांतील दहा आयुधे आपसांत बदलली तर मूर्तीचे भेद किती, या उदाहरणाचे उत्तर ३६,२८,८०० असे येते. भास्कराचार्यांनी आपले गाव विज्जडविड असे सांगितले आहे. ते कोणते, याविषयी एकमत नाही. नामसादृश्यावरून काही अभ्यासक ते बेळगाव जिल्ह्याला लागून असलेले विजापूर मानतात आणि सीमाभागात हे मत अर्थातच आपुलकीने सांगितले जाते. तथापि ग्रंथकाराने स्वतःच गावाला सह्य पर्वताच्या आश्रयाचे म्हटले आहे, आणि विजापूरचे पठार सह्याद्रीपासून बरेच दूर आहे. शिवाय भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा, इ. स. १२०७ च्या सुमाराचा शिलालेख खानदेशात चाळीसगावजवळील पाटणे येथे सापडला आहे. त्यामुळे खानदेशाचा पक्ष अधिक सबळ वाटतो.

क्रमचय किती हे मोजणे आणि ते कोणत्या क्रमाने लिहावेत हे ठरवणे, हे दोन निराळे प्रश्न आहेत. लायब्ररीतील फंक्शनांचा संबंध दुसऱ्याशी येतो. त्याचे उत्तर देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’त (तेराव्या शतकाचा पूर्वार्ध) स्वरप्रस्ताराच्या, म्हणजे स्वरांच्या सर्व रचना ठरावीक क्रमाने मांडण्याच्या, रूपाने मिळते. तीन स्वरांचा त्याचा प्रस्तार सरिग, रिसग, सगरि, गसरि, रिगस, गरिस असा आहे. पायथॉनला ग, रि, स या क्रमाने स्वर दिले आणि मिळालेली प्रत्येक रचना उजवीकडून डावीकडे वाचली, तर अगदी हीच यादी हाती येते. कोशक्रमाने (शब्दकोशात शब्द लावतात त्या क्रमाने) पुढची रचना काढण्याची रीत सामान्यतः नारायण पंडिताच्या ‘गणितकौमुदी’पर्यंत (इ. स. १३५६) मागे नेली जाते, शार्ङ्गदेवाचा नियम तिचा पूर्वावतार मानण्यास हरकत नसावी.

‘नेक्स्ट परम्युटेशन’ याच रीतीने चालते. उजव्या टोकाकडून येताना जो घटक आपल्या उजव्या शेजाऱ्याहून लहान असेल तेथे थांबायचे, त्याच्या उजवीकडील घटकांपैकी त्याहून किंचितच मोठ्या असलेल्या घटकाशी त्याची अदलाबदल करायची आणि उरलेली शेपूट उलटी करायची. घटकांची तुलना येथे मूल्यावरून होते. पायथॉनचे फंक्शन मात्र केवळ घटकाचे स्थान पाहते, आणि हा भेद सारख्या घटकांच्या बाबतीत उघडा पडतो. ‘खानापूर’ हा शब्द पायथॉनला दिला तर युनिकोडप्रमाणे (संगणकातील लिपिचिन्हांच्या प्रमाणित संकेतांप्रमाणे) त्याचे सात घटक होतात (ख, काना, न, काना, प, दीर्घ उकार, र) आणि ५,०४० रचना मिळतात. पण दोन काने सारखेच असल्याने प्रत्येक रचना दोनदा येते, म्हणजे वेगळ्या रचना २,५२० च. सारखे अंक असलेल्या संख्यांसाठी असा भागाकार भास्कराचार्यांनीही सांगितला आहे: २, २, १, १ या अंकांच्या संख्या सहाच होतात. या २,५२० पैकी प्रत्येक काना-उकार स्वतंत्र व्यंजनावर नीट बसलेला असतो अशा रचना अवघ्या २८८ आहेत. बाकीच्यांत मात्रा सुरुवातीलाच लोंबकळते किंवा एकाच व्यंजनावर दोन मात्रा चढतात, आणि पडद्यावर ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. वाचकाला अभिप्रेत असतात ती खा, ना, पू, र ही चार अक्षरे व त्यांच्या २४ रचना. त्यासाठी शब्द आधी अक्षरांत तोडून यादी म्हणून द्यावा लागतो. शेजारच्या पाट्यांवरील कन्नड लिपीतही स्वरचिन्हे स्वतंत्र घटक असल्याने तीच खबरदारी घ्यावी लागते.

सी प्लस प्लसमध्ये सात घटकांचा हाच शब्द चढत्या क्रमाने न लावता तसाच दिला आणि ‘पुढची रचना नाही’ असा नकार फंक्शन देईपर्यंत ते चालवले, तर कोशक्रमात त्याच्या आधी येणाऱ्या १९३ रचना कोणतीही चूक न दाखवता गळतात. म्हणून घटक प्रथम चढत्या क्रमाने लावण्याचा प्रघात आहे. साध्या स्ट्रिंगमध्ये (अक्षरमालेत) तर एकेका चिन्हाचे तुकडे असलेल्या बाइटांचीच अदलाबदल होते व शब्दच मोडतो.

पायथॉन रचना मागेल तशी एकेक देतो, त्यामुळे शंभूचे सर्व भेदही स्मृतीवर ताण न देता पाहता येतात, मात्र त्यांची यादी करू नये. रूबीत ही सोय ॲरेच्या (घटकांच्या यादीच्या) मेथडच्या, म्हणजे तिला जोडलेल्या फंक्शनाच्या, रूपात आहे. हॅस्केलचे फंक्शन कोशक्रम पाळत नाही. जावा आणि गो यांच्या स्टँडर्ड लायब्ररीत सर्व क्रमचय देणारे फंक्शन नसल्याने शेपूट उलटण्याची वरील रीत तेथे हाताने लिहावी लागते.